टीव्हीचा रिमोट, पत्रिकेतला हर्षल आणि एक ऑर्गनवादक : विल्यम हर्शेलची गोष्ट



आज लेखाची सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करूया. घरातला टीव्हीचा रिमोट घ्या. मोबाईलचा कॅमेरा सुरू करा, शक्यतो सेल्फी कॅमेरा. रिमोटच्या पुढच्या टोकाला बारीक बल्बसारखा जो ठिपका असतो, तो कॅमेऱ्यासमोर धरा आणि कुठलंही बटण दाबून ठेवा. स्क्रीनवर जांभळट-पांढरा उजेड लुकलुकताना दिसेल. आता मोबाईल बाजूला ठेवा आणि तेच नुसत्या डोळ्यांनी बघा. काहीच दिसत नाही!

आमच्या घरी ऐन मालिकेच्या वेळी रिमोट रुसला की सेल संपलेत की रिमोटच गेलाय, हे मी असंच तपासतो. कॅमेऱ्यात उजेड दिसला तर रिमोट ठीक, नाहीतर आधी सेल बदलायचे. आईला ही अजूनही जादूच वाटते.

डोळ्यांना न दिसणारा हा उजेड म्हणजे इन्फ्रारेड, मराठीत अवरक्त किरण. तो पहिल्यांदा सापडला १८०० साली. आणि तो ज्याला सापडला त्याचं नाव मी लहानपणीच वाचलं होतं, फक्त मला ते कळलं नव्हतं. आजीच्या ट्रंकेत माझी पत्रिका होती. त्यात रवी, चंद्र, मंगळ, बुध या ओळखीच्या मंडळींसोबत एक नाव होतं, हर्षल. शाळेच्या पुस्तकात मात्र हर्षल नावाचा ग्रह कुठेच नव्हता, तिथे होता युरेनस. दोन्ही एकच आहेत हे मला कॉलेजात असताना समजलं. आणि हा 'हर्षल' संस्कृतातला नाही, एका माणसाचं आडनाव मराठी जिभेवर बसून तसं झालंय, हे त्याहून नंतर समजलं. तुमच्या वर्गात एखादा हर्षल असेलच. त्याचं नाव 'हर्ष' म्हणजे आनंद यावरून, पण पत्रिकेतल्या हर्षलचं मूळ थेट जर्मनीत आहे.

दरवर्षी १३ मार्चला या ग्रहाच्या शोधाचा वाढदिवस असतो. त्या निमित्ताने आज त्या माणसाची गोष्ट सांगतो. चला तर मग, जाणून घेऊया विल्यम हर्शेलबद्दल.

बँडमधला मुलगा

विल्यमचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात झाला. वडील आयझॅक लष्करी बँडमध्ये ओबो वाजवायचे. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या जवळचं फुंकवाद्य. घरात पैसा बेताचाच, पण गाणं भरपूर. वडिलांना आकाशाचीही आवड होती आणि जेवताना मुलांशी त्यावर गप्पा व्हायच्या. चौदाव्या वर्षी विल्यमही त्याच बँडमध्ये लागला.

तेव्हा इंग्लंड आणि हॅनोव्हरचा राजा एकच होता. १७५७ मध्ये युद्धात हॅनोव्हरच्या बाजूची फ्रेंचांपुढे पीछेहाट झाली आणि एकोणीस वर्षांचा विल्यम इंग्लंडला निघून आला. तो सैन्यातून पळाला आणि पुढे राजाने त्याला स्वतः माफ केलं, अशी एक गोष्ट खूप ठिकाणी वाचायला मिळते. ती विसरा. तो बँडमधला पोरगा होता आणि १७६२ मध्ये त्याला सैन्यातून रीतसर मोकळं केल्याचा कागद मिळाला होता.

इंग्लंडमध्ये आला तेव्हा हातात काहीच नव्हतं. सुरुवातीला दुसऱ्यांची संगीताची पानं नकलून देऊन पोट भरलं. मग शिकवण्या, मग गावोगावी कार्यक्रम. शेवटी १७६६ मध्ये बाथ नावाच्या शहरात एका चर्चमध्ये ऑर्गनवादकाची नोकरी लागली. बाथ म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, पैसेवाले लोक हवापालटाला तिथे यायचे. त्यामुळे कार्यक्रम आणि शिकवण्या भरपूर. विल्यम चांगलं कमवू लागला. त्याने चोवीस सिंफनी लिहिल्या आहेत, त्या आजही वाजवल्या जातात.

म्हणजे गोष्ट इथेच संपली असती तरी चालण्यासारखं होतं. परदेशात जाऊन सेट झालेला एक संगीतकार, एवढंच.

पस्तिसाव्या वर्षी नवीन छंद

संगीताचं गणित समजून घ्यायला त्याने रॉबर्ट स्मिथ या प्राध्यापकाचं पुस्तक वाचलं. आवडलं म्हणून त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक घेतलं, ते होतं प्रकाशशास्त्रावर. त्यात दुर्बीण कशी बनवायची ते होतं. झालं! आपण यूट्यूबवर एक व्हिडिओ बघायला जातो आणि रात्री दोन वाजता भलत्याच विषयावरचा बारावा व्हिडिओ बघत असतो, तसंच काहीसं.

१७७३ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या आसपास, त्याने दुर्बिणी जमवायला सुरुवात केली. आधी एक छोटी दुर्बीण भाड्याने आणली. ती पुरेना. मोठी विकत घ्यायची तर किंमत आवाक्याबाहेर. मग त्याने ठरवलं, आपणच बनवायची.

इथे थोडं तंत्रज्ञान समजून घेऊया. दुर्बिणीचं मुख्य काम झूम करणं हे नाही, तर उजेड गोळा करणं आहे. मोबाईलच्या जाहिरातीत कॅमेऱ्याचं अपर्चर सांगतात ना? अपर्चर मोठं असेल तर रात्रीचा फोटो चांगला येतो, कारण उजेड जास्त आत येतो. दुर्बिणीचंही तसंच. तिचं भिंग किंवा आरसा जितका रुंद, तितके फिके तारे दिसणार. मोठं निर्दोष भिंग बनवणं त्या काळी फार कठीण होतं, म्हणून विल्यमने आरशाची दुर्बीण निवडली. पण हा आरसा काचेचा नव्हता. तांबं आणि कथील वितळवून ओतलेली पांढरट धातूची जाड चकती असायची. ती घासून घासून मधे किंचित खोलगट करायची आणि चकचकीत करायची. खोली जराशी चुकली तरी तारा फुटका दिसणार.

हे घासण्याचं काम मधे थांबवून चालत नसे. एकदा विल्यमने सलग सोळा तास आरशावरून हात उचलला नाही. तेव्हा त्याची बहीण त्याला घास भरवत होती.

ही बहीण म्हणजे कॅरोलाइन.

बहीण आली, घराचा कारखाना झाला

कॅरोलाइन विल्यमपेक्षा अकरा वर्षांनी लहान, जन्म १६ मार्च १७५०. दहाव्या वर्षी तिला टायफस झाला आणि तिची वाढ खुंटली. उंची सव्वाचार फुटांच्या पुढे गेलीच नाही. हिचं लग्न काही होणार नाही, हिने घरकाम करावं, असं आईने ठरवून टाकलं होतं. १७७२ मध्ये विल्यम तिला न्यायला हॅनोव्हरला गेला. आई सोडायला तयार होईना, तेव्हा घरकामाला बाई ठेवण्याचे पैसे मी देतो असं कबूल करून त्याने तिला बाथला आणलं.

तिथे ती गायला शिकली, इतकी की विल्यमच्या कार्यक्रमांत मुख्य गायिका झाली. पण भावाचं वेड वाढत गेलं तसं घराचं रूप बदललं. एका खोलीत सुताराची लाकडं, दुसरीत लेथ, तळघरात भट्टी. विल्यम दिवसा शिकवण्या घ्यायचा आणि रात्री अंगणात दुर्बिणीशी उभा राहायचा. मार्च १७७४ मध्ये त्याने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून केलेल्या निरीक्षणांची वही सुरू केली.

मी दिवसा एका ऑफिसात हिशेबाचं काम करतो आणि रात्री जेवण झाल्यावर हे लेख लिहितो. त्यामुळे विल्यमच्या आयुष्यातली ही सात-आठ वर्षं मला सगळ्यात जवळची वाटतात. त्या वर्षांत त्याला कुणी ओळखत नव्हतं. कुठली पदवी नाही, कुठली वेधशाळा नाही. दिवसभर पोटासाठी वाजवायचं आणि रात्री स्वतःसाठी बघायचं.

१३ मार्च १७८१ : नेमकं काय झालं?

विल्यमने एक काम हाती घेतलं होतं. आकाशातले ठरावीक तेजापर्यंतचे सगळे तारे एकेक करून तपासायचे आणि त्यात जोडीने दिसणारे तारे किती आहेत त्याची यादी करायची. कंटाळवाणं काम, अगदी हजेरी घेण्यासारखं. हाताशी होती त्याची लाडकी सात फुटी दुर्बीण, आरसा साधारण सव्वासहा इंचांचा.

१३ मार्च १७८१, मंगळवार. रात्री दहा ते अकराच्या दरम्यान, बाथमधल्या १९ न्यू किंग स्ट्रीट या घराच्या मागच्या बागेतून तो वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेजवळचे तारे बघत होता. त्यात एक तारा त्याला वेगळा वाटला. बाकीचे टोकदार ठिपके, हा मात्र किंचित गोल.

मग त्याने काय केलं? आयपीस बदलली. आधी २२७ पट मोठं दिसत होतं, मग त्याने ४६० पट केलं, मग ९३२ पट. तारे आपल्यापासून इतके दूर आहेत की कितीही झूम केलं तरी ते ठिपकेच राहतात. पण हा गोळा झूमच्या प्रमाणात मोठा होत गेला. म्हणजे हा तारा नव्हता, जवळचं काहीतरी होतं. चार दिवसांनी पुन्हा बघितलं तर त्याने जागाही बदलली होती.

विल्यमला वाटलं, धूमकेतू सापडला. तसंच त्याने कळवलं. इंग्लंडचे राजखगोलज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांना मात्र हा ग्रह असावा अशी शंका आली, कारण याला ना शेपूट होती ना धुरकट कडा. मग सेंट पीटर्सबर्गमधले गणिती अँडर्स लेक्सेल यांनी कक्षा मोजली. ती धूमकेतूसारखी लांबुडकी निघाली नाही, जवळजवळ गोल निघाली. शनीच्या पलीकडे, सूर्यापासून शनीच्या दुप्पट अंतरावर.

याचा अर्थ काय ते लक्षात घ्या. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे पाच ग्रह माणसाला इतिहासाच्या आधीपासून माहीत होते. त्यांचा शोध कुणी लावला असं म्हणताच येत नाही. इतक्या हजार वर्षांत पहिल्यांदाच एका नव्या ग्रहाला शोधाची तारीख आणि शोधणाऱ्याचं नाव मिळालं. आणि एका रात्रीत आपल्या माहितीतली सूर्यमाला दुप्पट रुंद झाली.

मग हा नशिबाचा खेळ होता का?

मलाही आधी तसंच वाटायचं. बघत बसला होता, समोर ग्रह आला. पण एक गोष्ट वाचली आणि माझं मत बदललं.

युरेनस त्याआधी बऱ्याच जणांनी पाहिला होता! इंग्लंडचे पहिले राजखगोलज्ञ जॉन फ्लॅमस्टीड यांनी १६९० मध्येच तो पाहून वृषभ राशीतला एक तारा म्हणून यादीत नोंदवून टाकला होता. फ्रान्सच्या पिएर ल मोनिए यांनी तर तो अनेकदा नोंदवला, एकदा लागोपाठच्या काही रात्री. पण त्यांनी वेगवेगळ्या रात्रींच्या नोंदी शेजारी ठेवून तपासल्या नाहीत, आणि त्यांच्या दुर्बिणीत तो ताऱ्यासारखाच दिसत होता.

विल्यमच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे त्याचा आरसा. पुढे त्याची दुर्बीण राजवेधशाळेतल्या दुर्बिणींशेजारी लावून बघितली तेव्हा घरी बनवलेली ही दुर्बीण सरस ठरली. दुसरी गोष्ट म्हणजे सवय. तो प्रत्येक तारा तपासत होता. त्या रात्री तो तिथे पोहोचला नसता, तर दुसऱ्या कुठल्या रात्री पोहोचलाच असता, कारण तो भाग त्याच्या यादीत होता.

नाव कुणाचं?

शोधणाऱ्याचा मान म्हणून नाव ठेवायचा हक्क विल्यमला मिळाला. त्याने राजा तिसऱ्या जॉर्जच्या नावावरून ग्रहाचं नाव ठेवलं, लॅटिनमध्ये अर्थ होतो जॉर्जचा तारा. इंग्लंडबाहेर कुणाला हे पटणार? फ्रान्समध्ये लोक त्याला सरळ हर्शेल म्हणू लागले. बर्लिनच्या योहान बोडे यांनी युरेनस सुचवलं, ग्रीक पुराणात शनीचा बाप म्हणून. शेवटी जगभर तेच टिकलं. आपल्याकडे पत्रिकांमध्ये मात्र शोधणाऱ्याचंच नाव राहिलं. म्हणजे ज्याने ग्रहाला स्वतःचं नाव दिलं नाही, त्याचं नाव मराठी माणसाच्या घराघरात ट्रंकेत जपून ठेवलेलं आहे. याच ग्रहावरून १७८९ मध्ये नव्या सापडलेल्या धातूला युरेनियम नाव मिळालं, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

पगार कमी, पण रात्र स्वतःची

१७८२ मध्ये राजाने विल्यमला वर्षाला २०० पौंड मानधन देऊ केलं. अट एकच, राजवाड्याजवळ राहायचं आणि बोलावलं की राजघराण्याला आकाश दाखवायचं. बाथमध्ये तो संगीतातून याच्या दुप्पट कमवत होता. तरी त्याने हो म्हटलं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी संगीताची नोकरी सुटली ती कायमची. कमी पडणारे पैसे तो दुर्बिणी बनवून आणि विकून भरून काढू लागला.

कॅरोलाइनसाठी मात्र हा निर्णय सोपा नव्हता. तिचं गाणं ऐन भरात होतं आणि ते भावाच्या नोकरीसोबतच संपलं. नवीन गावात ती मदतनीस झाली. विल्यम शिडीवर चढून दुर्बिणीला डोळा लावायचा आणि दिसेल ते ओरडून सांगायचा. ती खाली घड्याळ बघून वेळ आणि जागा लिहायची. दिवसा त्या नोंदींची गणितं करून स्वच्छ यादी करायची. डेटा एंट्री, डेटा क्लीनिंग आणि बॅकअप, सगळं एकटी.

३१ डिसेंबर १७८३ ची रात्र. जमिनीवर बर्फ. विल्यमने घाईने काहीतरी हलवायला सांगितलं, ती अंधारात धावली आणि दुर्बिणीच्या सांगाड्याचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. सोडवताना मांस तुटलं. तिने स्वतःच ही हकिकत लिहून ठेवली आहे, आणि तिला समाधान कशाचं, तर नंतर आभाळ ढगाळ झाल्यामुळे भावाचं फारसं नुकसान झालं नाही याचं. हे वाचून मला तिचं कौतुकही वाटलं आणि रागही आला.

पण ती फक्त मदतनीस राहिली नाही. १ ऑगस्ट १७८६ रोजी विल्यम बाहेरगावी असताना तिने एकटीने धूमकेतू शोधला. एकूण आठ धूमकेतू तिच्या नावावर आहेत. १७८७ पासून राजाने तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. विज्ञानाच्या कामाचा पगार मिळणारी ती पहिली स्त्री मानली जाते. पुढच्याच वर्षी विल्यमने मेरी पिट या विधवा बाईंशी लग्न केलं आणि सोळा वर्षं घर सांभाळलेल्या कॅरोलाइनला वेगळ्या ठिकाणी राहायला जावं लागलं. त्यानंतरच्या काही वर्षांच्या डायऱ्या तिने नंतर नष्ट करून टाकल्या. त्यात काय होतं ते कुणालाच कळणार नाही, पण अंदाज करायला फार अक्कल लागत नाही. पुढे वहिनीशी तिचं चांगलं जमलं, भाच्याला तर तिने जीव लावला.

दोघांनी मिळून वीस वर्षांत सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकागुच्छ यांची यादी केली. आज एखादं आकाशाचं अॅप उघडलं की दीर्घिकांपुढे 'एनजीसी' आणि आकडा दिसतो ना? त्या यादीचा पाया या भावाबहिणीने घातलाय.

चाळीस फुटी राक्षस

युरेनस सापडल्यावर विल्यमला आणखी मोठा आरसा हवा होता. ऑगस्ट १७८१ मध्ये त्याने घराच्या तळघरात तीन फूट रुंदीचा आरसा ओतायचा प्रयत्न केला. साच्यासाठी माती आणि घोड्याची लीद कुटून घेतली होती. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी वितळलेला धातू भट्टीतून गळून फरशीवर आला, उष्णतेने दगड फुटून उडू लागले आणि सगळे जीव घेऊन पळाले.

पण तो थांबला नाही. राजाने टप्प्याटप्प्याने ४००० पौंड दिले आणि १७८९ मध्ये स्लाव या गावी चाळीस फूट लांबीची दुर्बीण उभी राहिली. आरसा ४८ इंच रुंद, वजन एक टनाच्या आसपास. पुढची पन्नासहून जास्त वर्षं एवढा मोठा आरसा जगात कुठेच नव्हता.

खरं सांगायचं तर ती फारशी उपयोगी पडली नाही. हलवायला माणसं लागायची, आरसा लवकर काळवंडायचा, दंव पडलं की दिसणं बंद. विल्यमचं बहुतेक चांगलं काम त्याच्या अर्ध्या लांबीच्या दुर्बिणीने झालं. जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो नाही, हे आपण किती वेळा बोललोय!

१८०० : थर्मामीटर चुकीच्या जागी ठेवला आणि...

आता पुन्हा रिमोटकडे येऊया. विल्यम सूर्याचं निरीक्षण करत होता. डोळे जपायला तो रंगीत काचा वापरायचा. त्याच्या लक्षात आलं की काही काचांतून उजेड कमी येतो पण डोळ्याला चटका जास्त बसतो, तर काहींतून उजेड भरपूर येतो आणि ऊब कमी. मग प्रत्येक रंगाची उष्णता वेगळी असते की काय?

त्याने लोलकातून ऊन सोडून टेबलावर इंद्रधनुष्य पाडलं. थर्मामीटरच्या टोकांना काळा रंग दिला. एक थर्मामीटर रंगात ठेवला आणि तुलनेसाठी दुसरे बाजूला सावलीत. जांभळ्यात पारा थोडा चढला, हिरव्यात जास्त, लाल रंगात सगळ्यात जास्त. मग त्याने थर्मामीटर लाल रंगाच्याही पलीकडे सरकवला, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. आणि पारा तिथे आणखी वर गेला!

म्हणजे सूर्याकडून असंही काही येतं जे वळतं, परावर्तित होतं, उजेडासारखं वागतं, पण दिसत नाही. तेव्हा विल्यम ६१ वर्षांचा होता.

आज हे किरण कुठे कुठे आहेत बघा :

• टीव्ही आणि एसीचे रिमोट. त्यातला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचे किरण सोडतो. आपल्या डोळ्यांची धाव ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपते.
• फोन कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते, बऱ्याच फोनमध्ये ते काम इन्फ्रारेड सेन्सर करतो.
• काही फोन अंधारातही चेहरा ओळखून अनलॉक होतात, तेही याच किरणांच्या जोरावर.
• कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरायचे ते थर्मामीटर.
• आणि सगळ्यात मोठं म्हणजे इंटरनेट. ऑप्टिकल फायबरमधून धावणारा उजेड इन्फ्रारेडच असतो. हा लेख तुमच्यापर्यंत येताना कुठेतरी विल्यमच्या न दिसणाऱ्या उजेडावर बसूनच आलाय.

सगळंच बरोबर होतं का?

नाही. सूर्याच्या तेजस्वी थराखाली थंड जमीन आहे आणि तिथे कुणीतरी राहतं, असं विल्यमला वाटायचं. चंद्रावरही वस्ती असेल असं त्याला वाटे. त्याला सापडलेले उष्णतेचे किरण आणि दिसणारा उजेड हे एकच आहेत, यावरही त्याने शेवटी विश्वास ठेवला नाही. म्हणजे स्वतःच्या सगळ्यात मोठ्या शोधाचा अर्थ त्याने चुकीचा लावला. १८०१ मध्ये त्याने सूर्यावरचे डाग आणि गव्हाचे भाव यांचा संबंध जोडला, तेव्हा लोकांनी खिल्ली उडवली.

पण ज्या जोडताऱ्यांची यादी त्याने सुरू केली होती, त्यांच्याकडे त्याने वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा पाहिलं. काही जोड्यांमधले तारे एकमेकांभोवती फिरत होते! न्यूटनचं गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालतं, याचा हा पहिला ठोस पुरावा, १८०३ मधला. जुनी वही फेकली नाही म्हणून सापडलेला शोध.

कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा

• ११ जानेवारी १७८७ : युरेनसचे दोन चंद्र, टायटेनिया आणि ओबेरॉन, विल्यमला सापडले.
• १३ मार्च १७८१ : युरेनसचा शोध.
• १६ मार्च १७५० : कॅरोलाइनचा जन्म.
• १ ऑगस्ट १७८६ : कॅरोलाइनचा पहिला धूमकेतू.
• २८ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर १७८९ : शनीचे चंद्र एन्सेलाडस आणि मिमास.
• १५ नोव्हेंबर १७३८ : विल्यमचा जन्म.

शेवटी

२५ ऑगस्ट १८२२ रोजी विल्यम गेला. वय ८३ वर्षं ९ महिने. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात. जवळजवळ एक फेरी जगला म्हणायचं. कॅरोलाइन त्यानंतर हॅनोव्हरला परत गेली. तिथे तिने भाच्यासाठी सगळ्या तेजोमेघांची यादी नव्याने लावून दिली आणि १८२८ मध्ये लंडनच्या अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं. ९ जानेवारी १८४८ रोजी, ९७ वर्षांची होऊन, ती गेली. तो भाचा, जॉन हर्शेल, मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला. फोटो टिकवून ठेवायचं रसायन त्यानेच सुचवलं आणि १८३९ मध्ये वडिलांच्या चाळीस फुटी दुर्बिणीच्या सांगाड्याचा काचेवर फोटो काढला. तो आजही जपून ठेवलेला आहे.

२००९ मध्ये युरोपने अवकाशात साडेतीन मीटर आरशाची एक दुर्बीण सोडली. ती फक्त इन्फ्रारेड बघायची. तिचं नाव होतं हर्शेल.

शोध लागला तेव्हापासून युरेनसच्या दोन फेऱ्या झाल्या, तिसरी २०३३ च्या आसपास पूर्ण होईल. तेव्हा तो पुन्हा वृषभ-मिथुनाच्या त्याच सीमेजवळ असेल, जिथे तो त्या रात्री होता. खूप अंधाऱ्या जागी तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, साध्या द्विनेत्रीतून मात्र सापडतो. मोबाईलवर आकाशाचं कुठलंही अॅप टाका, युरेनस शोधा आणि फोन त्या दिशेला धरा.

मी मागच्या वर्षी गावच्या गच्चीवरून तो पाहिला. फार काही दिसलं नाही, एक फिकट हिरवट ठिपका. खाली येऊन आजीची ट्रंक उघडली, पत्रिका काढली आणि 'हर्षल' या अक्षरांकडे जरा वेळ बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिस होतंच.

तुम्हीही रात्री काहीतरी स्वतःसाठी शिकत असाल, कोडिंग, चित्रं, वाद्य, काहीही, तर उशीर झालाय असं समजू नका. आणि तुमच्या घरी कुणी कॅरोलाइन असेल, जी तुम्हाला घास भरवते आणि तुमच्या वह्या जपते, तर तिला काय शिकायचंय तेही एकदा विचारा.

रिमोटचा प्रयोग करून बघितलात का? तुमच्या फोनच्या कोणत्या कॅमेऱ्यात उजेड दिसला, पुढच्या की मागच्या, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या लेखात.